दुधाची मॅक्स रेसला उतरवताना

माझं अमळनेरला पत्र्याचं काम आहे. फेब्रुवारी ते मे कूलर, मग धान्याच्या कोठ्या, आणि कपाशीची वेचणी सुरू झाली की शेडच्या मागच्या कोपऱ्यात एखादी जुनी टू-स्ट्रोक गाडी उलगडून पडलेली असते. बारा वर्षांत अशा पाच गाड्या मातीच्या रेससाठी बांधल्या. दोन माझा भाचा हौशी गटात पळवतो. दर दिवाळीनंतर पोरं शेडवर येतात आणि पहिला प्रश्न एकच असतो: मामा, पोर्टिंग किती करू? माझं उत्तरही एकच असतं. पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं (पोर्ट) घासून मोठी करणं, सगळ्यात शेवटी. आमचे आबा बैलगाडीचे धुरे बसवायचे, ते मला पहिल्याच गाडीला म्हणाले होते, "पयले वजन उतार, मंग इंजिनले हात लाव." त्याच क्रमाने सांगतो.

कोणती गाडी घ्यायची

1984 साली इंड-सुझुकीची एएक्स 100 आली, 1985 साली यामाहाची आरएक्स 100 आणि 1986 साली कावासाकी-बजाजची केबी 100. जपानी 100 सीसी टू-स्ट्रोक आपल्याकडे आल्या त्या याच तीन वर्षांत. यात आरएक्सचं नाव सगळ्यात मोठं, त्यामुळे तिचा भाव आता नवशिक्याच्या हाताबाहेर गेलाय. चांगली, कागदपत्रांसकट असलेली आरएक्स मिळाली तर ती जपून ठेवा, तिला कापू नका, हे मी मनापासून सांगतो.

मातीत घालायला मी एएक्सच्या वंशातली मॅक्स 100 घेतो. खान्देशात गावोगाव दूधवाल्यांनी ती दोन्ही बाजूंना कॅन लावून वापरली. बोअर (सिलिंडरचा व्यास) 50 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 50 मिमी, म्हणजे 98 सीसी. रीड व्हॉल्व्हचं साधं इंजिन. येझदी 250 चा आवाज मलाही आवडतो, पण ती जड आहे. नांगरटीच्या वावरात पडलेली येझदी उचलताना पोराचा अर्धा दम जातो.

घेताना आरसी बुक आणि चेसिस नंबर जुळवून बघा, मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढायला लावा. पिस्टन खाली घ्या आणि कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा. आडवा थोडा हलला तर चालतो. वर-खाली जरासाही खडखडला तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलेलं आहे, क्रँक उघडायचा खर्च किमतीतून वजा करा. दूधवाल्याच्या गाडीत एक खास जागा बघायची असते: कॅरिअरचे बोल्ट चेसिसला जिथे बसतात तिथला पाइप. तिथे रंगाखाली चीर असते. चेसिस धुऊन त्या जागी रॉकेल लावा, कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड पाण्यात कालवून पातळ फासा. चीर असेल तर तासाभरात पांढऱ्या खडूवर रॉकेलची काळसर रेघ उमटते. हँडलच्या मानेभोवती आणि फूटरेस्टच्या जोडाशीही हेच करा.

वजन

मार्केट यार्डातल्या ओळखीच्या आडत्याकडे काटा असतो, तिथे गाडी आधी तोलून घ्या. माझ्या शेवटच्या मॅक्सचं कॅरिअर, साडी गार्ड, क्रॅश गार्ड, दोन्ही स्टँड, हेडलाइट, इंडिकेटर, चेन कव्हर, मीटर, बॅटरी आणि तिचा डबा काढल्यावर 17 किलो उतरले. एक पैसा न घालवता. पोरं सायलेन्सर आणि पोर्टिंगवर महिनाभर घालवून जेवढा फरक मिळवतात त्यापेक्षा हा जास्त असतो. शिवाय ब्रेक, सस्पेन्शन आणि पोराचे दंड, तिघांवरचा भार हलका होतो.

काढायचं नाही ते म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण. साखळी तुटली तर ती तिथेच गुंडाळून क्रँक केस फोडते. मागचा मडगार्डही ठेवा, नाहीतर तुमच्या मागच्या गाडीवर सगळी माती जाते.

मोकळ्या चेसिसला मानेखाली दोन्ही बाजूंनी तिकोनी पट्ट्या वेल्ड करतो. पट्टीचं टोक पाइपवर सरळ आडवं संपवू नका, निमुळतं करा. आडव्या वेल्डिंगच्या कडेलाच पुढची चीर पडते. स्विंग आर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश नवे करून घ्या. आमचे लेथवाले काका गनमेटलचे करून देतात. मागचं चाक हाताने आडवं ढकलल्यावर हललं तर त्या गाडीचं पुढचं कुठलंच काम करू नका, आधी बुश.

फोर्क, शॉक, चाकं

रस्त्याच्या गाडीचा पुढचा फोर्क मऊ असतो. मातीच्या उंचवट्यावरून उतरताना तो तळाला आपटतो आणि हँडल हातातून सुटतं. नवी स्प्रिंग शोधत बसायची गरज नाही. जळगाव जिल्ह्यात पीव्हीसी पाइपाला तोटा नाही. फोर्कच्या नळीत सैल जाईल पण स्प्रिंगवर नीट टेकेल अशा जाड पाइपाचा 20 ते 25 मिमीचा तुकडा लेथवर दोन्ही टोकं काटकोनात कापून घ्या, खाली-वर स्टीलचा वॉशर द्या आणि टोपीखाली बसवा. स्प्रिंगला आधीच ताण मिळतो. तेल कंपनी सांगते त्यापेक्षा एक पायरी घट्ट घाला. दोन्ही पायांत तेल सारखं हवं: स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर दोन्हीकडे पट्टीने मोजा.

मग फोर्कच्या चकचकीत नळीला एक केबल टाय बांधा. पोराला बूट-हेल्मेटसकट बसवा. नुसत्या बसण्याने एकूण चालीच्या तिसऱ्या भागाएवढी गाडी खाली गेली तर स्प्रिंग बरोबर. मैदानात दोन फेऱ्या मारल्यावर तोच टाय किती वर सरकला ते बघा. अगदी टोकाला जाऊन एखाद-दुसऱ्यांदाच आपटत असेल तर तेही बरोबर. अर्ध्यातच थांबत असेल तर तुम्ही फोर्क फार कडक केलाय आणि त्या पोराचे हात चौथ्या फेरीत बधिर होणार.

मागे मूळ शॉकपेक्षा 20-25 मिमी लांब शॉक चालतात. त्याहून लांब लावले की साखळी स्विंग आर्मला घासते आणि पुढचं चाक वेगात थरथरतं. लांब शॉक लावल्यावर साखळीचा ताण स्टँडवर मोजू नका. शॉक सोडून स्विंग आर्म हाताने वर न्या. पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा बोल्ट आणि चाकाचा ॲक्सल, ही तीन केंद्रं एका रेषेत आली की साखळी सगळ्यात जास्त ताणलेली असते. तिथे बोटभर ढील हवी.

गिअरिंगचा हिशेब असा: पुढे 15 आणि मागे 45 दात असतील तर प्रमाण 3. पुढे एक दात कमी करून 14 केलं तर 3.21, आणि मागे तीन वाढवून 48 केलं तर 3.20. म्हणजे पुढचा एक दात मागच्या तिनांच्या बरोबरीचा. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त असतं, म्हणून तिथूनच सुरुवात करा.

टायर बटणांचे. काळ्या मातीत ओल असेल तर बटणं एकमेकांपासून लांब हवीत, नाहीतर माती भरून दोन मिनिटांत टायर गुळगुळीत होतो. धुळ्याजवळ लळिंगच्या बाजूला मुरूम आहे तिथे जवळ बटणांचा टायर जास्त धरतो. हवा 12 ते 15 पीएसआय. एवढ्या कमी हवेत टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो, म्हणून मागे रिम लॉक बसवाच. पुढचा मडगार्ड चाकापासून किमान चार बोटं वर. आपली काळी माती चिकट. मडगार्ड खाली असेल तर ती भरते आणि चाक जागेवर जाम होतं.

आता इंजिन

बोअरिंगवाल्याकडे जाताना पिस्टन सोबत द्या. आकडा सांगून बोअर करून घेऊ नका. हवेवर थंड होणाऱ्या या 50 मिमीच्या पिस्टनला मी 0.05 मिमी फट ठेवतो. रिंग नुसती सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांतली फट फिलर गेजने बघायची: 0.2 ते 0.3 मिमी.

हेड बसवण्याआधी पिस्टनच्या माथ्यावर, पिनेच्या रेषेत, दोन्ही कडांना सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवा. हेड कसा, इंजिन हाताने एकदा फिरवा, उघडा आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजा. 1 ते 1.2 मिमी यायला हवी. जास्त असेल तर सिलिंडरखालचं पॅकिंग पातळ करा. 0.8 च्या खाली जाऊ नका. वरच्या आरपीएमला रॉड ताणला जातो आणि पिस्टन हेडला लागतो.

कॉम्प्रेशन मोजायला मेडिकलमधली सिरिंज पुरते. पिस्टन वर आणा, कडेला ग्रीस फासा, प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडा. भोकाच्या वरच्या धाग्यापर्यंत भरायला 12 सीसी लागलं असं धरू. अर्धा इंच लांब धाग्याच्या प्लगच्या भोकाचं सुमारे 2 सीसी वजा, उरले 10. मग 98 अधिक 10, भागिले 10, म्हणजे 10.8. मी 11 च्या आत राहतो. कंपनीच्या पुस्तकातला आकडा याहून बराच लहान दिसेल, कारण जपानी कंपन्या एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यानंतरचीच जागा मोजतात. दोन आकडे एकमेकांशी ताडू नका.

आणि पोर्टिंग. क्रँकला डिग्रीची चकती लावून एक्झॉस्ट पोर्ट किती अंश उघडा राहतो ते आधी लिहून ठेवा. या स्ट्रोकला पोर्टची वरची कड 1 मिमी घासली की एकूण साडेचार-पाच अंश वाढतात. मातीच्या गाडीला मी 176 अंशांवर थांबतो. 185 च्या पुढे गेलेली गाडी सरळ रस्त्यावर किंचाळत पळते, पण वळणातून बाहेर निघताना तिच्यात जीव नसतो. रुंदी बोअरच्या 65 टक्क्यांपर्यंत, म्हणजे साडेबत्तीस मिमी. त्याहून रुंद केलं की रिंग पोर्टमध्ये अडकते. घासून झालं की कडांची धार मोडायला विसरू नका.

सायलेन्सर, म्हणजे माझं काम

टू-स्ट्रोकचा सायलेन्सर धूर बाहेर सोडतो, त्याहून मोठं त्याचं काम वेगळंच आहे. पोर्ट उघडल्यावर दाबाची लाट नळीतून धावते, रुंद होणाऱ्या कोनात शिरून मागे ओढ निर्माण करते, मग निमुळत्या कोनावर आपटून परत येते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. तिने पोर्ट बंद होण्याच्या आत पोचायला हवं. सगळी लांबी यावरच ठरते.

उष्ण वायूत ही लाट सेकंदाला साधारण 518 मीटर धावते असं धरतात. त्यावरून हिशेब: पोर्ट उघडा राहण्याचे अंश गुणिले 43,180, भागिले आरपीएम, उत्तर मिलिमीटरमध्ये. माझे 176 अंश आणि ताकद हवी 7,500 ला, तर 1,013 मिमी. ही लांबी पिस्टनच्या तोंडापासून नळीच्या मधोमध मोजत मागच्या निमुळत्या कोनाच्या मध्यापर्यंत. आरपीएम 8,000 धरला तर 950 येईल. हौशी पोराला लांब नळीच द्या.

कोन कापण्याचा हिशेब मला वडिलांनी नरसाळ्यावर शिकवला. समजा लहान तोंड 38 मिमी, मोठं 90 आणि तिरकी उंची 260. दोन व्यासांतला फरक 52. मोठी त्रिज्या: 90 गुणिले 260 भागिले 52, म्हणजे 450 मिमी. लहान त्रिज्या: 38 गुणिले 260 भागिले 52, म्हणजे 190. कोन: 180 गुणिले 52 भागिले 260, म्हणजे 36 अंश. पत्र्यावर एका खिळ्याभोवती 450 आणि 190 चे दोन कंस मारा, 36 अंशांची पाकळी कापा, वळवा. तोंडं अचूक जुळतात. आधी पुठ्ठ्यावर करा. पत्रा 20 गेजचा सीआर, म्हणजे मुलामा नसलेला, आणि जोड गॅस वेल्डिंगने, आतून गाठ न राहता.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, पत्रा वापरायचा नाही. पहिल्या गाडीला मी कूलरचा उरलेला जीआय वापरला, शेडचं शटर अर्धं ओढून वेल्डिंग केलं, आणि रात्री हुडहुडी भरून ताप आला. जस्ताच्या धुराचा तो ताप होता. घरात सगळे रात्रभर जागे राहिले.

हवा, पेट्रोल आणि डिसेंबरची सकाळ

माझी तिसरी गाडी मी आखाजीच्या सुट्टीत जुळवली होती. बाहेर 44 अंश. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी चकती, लहान करत गेलो, प्लगचा रंग सुरेख आला, गाडी कापत पळायला लागली. डिसेंबरमध्ये तीच गाडी सकाळी आठला सरावाला काढली. थंडी 12 अंशांची असेल. तिसऱ्या फेरीत पूर्ण थ्रॉटलवर पिस्टन सिलिंडरमध्ये धरला, मागचं चाक जागेवर लॉक झालं आणि भाचा हँडलवरून पुढे गेला. कॉलरबोन मोडलं. बहिणीला फोन मी केला. तेव्हापासून जेटची वही ठेवतो.

कारण सोपं आहे. हवा थंड झाली की दाट होते, दर 3 अंशांना साधारण 1 टक्का. 44 वरून 12 वर आलो म्हणजे हवा दहा टक्क्यांहून जास्त दाट. पेट्रोल तेवढंच राहिलं, मिश्रण पातळ झालं, पिस्टन तापून फुगला. उंचीचं उलटं: दर 100 मीटरला हवा साधारण 1 टक्का विरळ होते. आपण समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आणि नाशिक सहाशेच्या आसपास, म्हणजे 4 टक्के विरळ. पण नाशिकला थंडीही जास्त, म्हणून दोन्ही एकमेकांना बरंचसं कापतात. तरी आपल्या मैदानावरचा जेट तिथे तसाच चालेल असं कधी धरू नका. नेहमी मोठ्या जेटपासून सुरुवात करून लहानाकडे या.

प्लग बघायची पद्धत: नवा प्लग, पूर्ण थ्रॉटलवर लांब सरळ पट्टा, क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विचने इंजिन बंद, गाडी ढकलत आणा. रंग टोकाचा नाही, पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी तळाशी बघा. तिथे तपकिरी कडी हवी. कोरा पांढरा असेल तर तिथेच थांबा. प्लग बदलताना ध्यानात ठेवा, एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं, म्हणून जुन्या पुस्तकातला जेट आज लहान पडतो. जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे ओरिंग त्यात फुगतात, ते आधीच बदला. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल रेसला नको. ऑइल पंप काढून मी तेल पेट्रोलमध्येच कालवतो: 30 ला 1, म्हणजे लिटरला 33 मिली चांगलं टूटी (टू-स्ट्रोकचं तेल). मोजपात्राने, अंदाजाने नाही.

एअर फिल्टर फोमचा, तेलात बुडवून घट्ट पिळलेला. आपल्या मातीची धूळ मैद्यासारखी बारीक. फिल्टरच्या रबरी बुटाला केसाएवढी फट राहिली तर दोन रेसमध्ये रिंगा संपतात. बुटाच्या आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फट आहे. फोम धुवायला रॉकेल आणि मग साबण. पेट्रोलने त्याचा डिंक सुटतो.

रेसला जाताना

गाडी छोट्या हत्तीत टाकून न्यायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि लाइट नसलेली गाडी तुम्ही चालवूही नये. अधिकृत स्पर्धांना एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचं, लायसन्स लागतं. ज्या स्पर्धेला जायचं तिची नियमपुस्तिका गाडी कापण्याआधी वाचा. कोणत्या गटात काय बदलता येतं ते तिथेच लिहिलेलं असतं. तपासणीत किल स्विच, उघडमीट होणारे फूटरेस्ट, लिव्हरच्या टोकाच्या गोळ्या आणि मूठ सोडताच स्वतः बंद होणारा थ्रॉटल बघतात. छातीचं कवच, गुडघे, लांब बूट, हेल्मेट याला पैसे कमी पडत असतील तर सायलेन्सर पुढच्या वर्षी करा.

सराव पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात, मालकाला विचारून, आणि एकट्याने कधीच नाही.

मागच्या मोसमात भाच्याने पहिल्यांदा आठही फेऱ्या न थांबता काढल्या. हेल्मेट काढत म्हणाला, "मामा, आते बेस पळस!" म्हणजे आता छान पळते. त्या गाडीचा पोर्ट मी मूळ होता तसाच ठेवला होता.

रेसहून आलं की गाडी त्याच रात्री धुवा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा, हवेच्या तोंडाला पिशवी बांधा. मग प्लग काढून भोकातून टूटीचे चार थेंब सोडा, दोनदा हलकी किक मारा, प्लग परत लावा. कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करा. आणि वहीत लिहा: तारीख, सकाळचं तापमान, जेट, कार्बोरेटरच्या सुईची खाच, टायरची हवा, प्लगचा रंग.